काळी, तांबडी, पांढरी: नागपूरभोवतीच्या कच्च्या वाटांवर सायकल

नागपुरात नवी सायकल घेतलेला माणूस पहिले काही दिवस फुटाळा, अंबाझरी, वर्धा रोड असा फिरतो. मग एखाद्या सकाळी टिप्परच्या हॉर्नला कंटाळून विचारतो, गाड्याच नसतील असा रस्ता आहे का हो कुठे? आहे, आणि शहराच्या चारही बाजूंना आहे. तो डांबरी नाही, त्याला पाटी नाही आणि मोबाईलच्या नकाशावर त्याला बहुतेक वेळा नावही नसतं. अशा वाटांवर पहिल्यांदा उतरणाऱ्यांसाठी हे लिहितो आहे.

आधी एक अपेक्षा बाजूला ठेवू. इंग्लंडच्या पीक डिस्ट्रिक्टमध्ये चुनखडीच्या डोंगराळ मुलखातून जाणारे बंद पडलेले रेल्वेमार्ग सायकलींसाठी खुले केले आहेत. टिसिंग्टन ट्रेल १९७१ पासून आहे, सुमारे २१ किलोमीटरची. मॉन्सल ट्रेल साधारण १४ किलोमीटरची, आणि २०११ पासून तिच्या जुन्या बोगद्यांतूनही जाता येतं. त्यांचे फोटो पाहून आपल्याकडचे लोक विचारतात की आपली नॅरोगेजही बंद झाली ना? झाली. नागपूर–छिंदवाडा २०१५ मध्ये थांबली, नागपूर–नागभीड २०१९ मध्ये. पण दोन्हींच्या नशिबी ब्रॉडगेज होतं. तेव्हा रुळांच्या वाटेची आशा सोडा. आपल्याकडे आहेत ते पांदण रस्ते म्हणजे शेतांमधल्या वाटा, नहराच्या म्हणजे कालव्याच्या पाळीवरचे रस्ते आणि झुडपी जंगलातल्या जुन्या गाडवाटा. यातलं काहीच सायकलसाठी केलेलं नाही. बंडीसाठी म्हणजे बैलगाडीसाठी, पाण्यासाठी, गुरांसाठी केलंय, आणि तुम्ही तिथे पाहुणे आहात. हे डोक्यात ठेवलं की पुढचे अर्धे प्रश्न उरतच नाहीत.

पायरी पहिली: जमीन ओळखायला शिका

डांबरावर चालवणारा माणूस अंतर विचारतो. कच्च्या वाटेवर आधी माती विचारायची. माझ्या मते नवख्याने सायकलच्या मॉडेलवर वाद घालण्यापेक्षा एक तास जमिनीकडे बघण्यात घालवावा.

नागपूर एका मोठ्या खडकाच्या काठावर बसलंय. पश्चिमेकडे काटोल, कळमेश्वर, हिंगणा या बाजूला काळा फत्तर, म्हणजे लाव्हारसाचा बेसाल्ट. सिताबर्डीची टेकडी त्याचीच. पूर्वेकडे हा फत्तर संपतो आणि त्याहून कितीतरी जुना, नाईस नावाचा पट्टेदार खडक वर येतो. या दोघांच्या सांध्यात, फत्तराच्या खाली, एक पातळ थर ठिकठिकाणी उघडा पडतो. त्यात चुनखडी, वाळूखडक आणि चिकणमाती असते. जबलपूरजवळच्या नर्मदेवरच्या लमेटा घाटावरून त्याला लमेटा म्हणतात, आणि डायनोसॉरची हाडं याच थरात सापडतात. रामटेक–देवलापार पट्ट्यातली चुनखडी आणखी वेगळी. ती इतकी जुनी आणि भाजून-दबून निघालेली आहे की तिचा संगमरवर झालाय.

सायकलच्या चाकाला हे सगळं तीन रंगांत कळतं.

काळी, म्हणजे कन्हार. कोरडी आणि दबलेली असली तर सुरेख पळते. पण एक पाऊस पडू द्या. पहिली पन्नास पावलं काही वाटत नाही. मग टायरवर थर चढतो, त्या थरावर काडीकचरा चिकटतो आणि फोर्कच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या दांड्यांच्या आत तो सगळा गोळा अडकून चाक फिरायचंच थांबतं. जोर लावून पायडल मारलं तर मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर वाकतो किंवा तुटतो. अशा वेळी उतरा, काडीने माती काढा आणि सायकल खांद्यावर घेऊन मुरमापर्यंत चालत जा. पाऊस थांबल्यावर किमान दोन दिवस कडक ऊन पडल्याशिवाय कन्हारात जायचं नाही. उन्हाळ्यात उलट त्रास. जमिनीला भेगा पडतात, बंडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात, आणि बारीक टायर एकदा चाकोरीत शिरला की वळवता येत नाही. चाकोरीच्या आत तरी चालवा किंवा पूर्ण बाहेर. काठावर चालवणारा पडतो.

तांबडी, म्हणजे मुरूम. नवख्यासाठी यापेक्षा चांगलं काही नाही. पाणी निचरतं, चाक पकडतं, पावसानंतर लवकर कोरडं होतं. फक्त मुरूम नुकताच टाकलेला नसावा. सैल मुरमावर पुढचं चाक भरकटतं. तिथे पुढचा ब्रेक हळू दाबायचा, वजन मागे ठेवायचं आणि वळताना हँडल झटक्याने फिरवायचं नाही. रस्त्याच्या कामासाठी पसरलेली मोठी गिट्टी दिसली तर सरळ दुसरी वाट धरा. त्यात मजा नाही आणि व्यायामही नाही, फक्त मनगटं दुखतात.

पांढरी ही सगळ्यांत फसवी. पांढरी जमीन दोन तऱ्हेची. एक म्हणजे चुनकंकर: काळ्या मातीतच तयार होणारे चुन्याचे खडे, बोराएवढे ते लिंबाएवढे. नाल्याच्या काठी, बांधाच्या कापात ते पांढरे ठिपके दिसतील. ते चाकाखाली गडगडतात, म्हणून उतारावर जपून. दुसरी म्हणजे खरी चुनखडी, लमेटाची. कोरडी असताना तिचं पीठ होतं आणि ते साखळीत, डोळ्यांत, बाटलीच्या तोंडावर बसतं. ओली झाली की वरचा पातळ थर असा निसरडा होतो की चालतानाही पाय घसरतो. काळी माती निदान आधी इशारा देते, ही देत नाही. शिवाय लमेटाच्या चुनखडीत गारगोटीचे पट्टे असतात. गारगोटी फुटली की तिची कड पात्यासारखी होते, आणि टायरच्या बाजूची भिंत कापायला तेवढी पुरे. दुपारी या जमिनीवर ऊन इतकं परावर्तित होतं की खड्डा आणि सपाटी यात फरक कळत नाही. हलक्या रंगाच्या काचेचा चष्मा इथे चैनीची वस्तू नाही.

पायरी दुसरी: सायकल आणि टायर

हायब्रिड असेल तर चालेल, एमटीबी (माउंटन बाईक) असेल तर आणखी बरं, ग्रॅव्हल बाईक असेल तर प्रश्नच नाही. फक्त २५–२८ मिलिमीटरच्या टायरची रोड बाईक घरी ठेवा. टायर किमान ३५, शक्यतो ४० मिलिमीटरचा असावा. हवा डांबरावर भरता त्यापेक्षा कमी. सत्तर किलोच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय पुरते. अंगठ्याने दाबला तर टायर थोडा दबला पाहिजे. पण आणखी कमी केली तर दगडावर आदळून ट्यूब रिममध्ये चिमटते आणि सापाच्या दातांसारखी दोन शेजारी भोकं पडतात.

विदर्भात पंक्चरची दोन कारणं: बाभळीचा काटा आणि गोखरू. झुडपी जंगलातून आणि बांधावरून जाणार तर ट्यूबमध्ये सीलंट, म्हणजे भोक आतून बुजवणारं द्रव, टाकून घ्या. सोबत एक जादा ट्यूब, दोन लिव्हर, पॅच, छोटा पंप. आता पंक्चर काढण्याबद्दल एक गोष्ट नीट वाचा, कारण नवखे इथेच वैतागतात. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवायचं. पटकन नको, एकेक बोटभर पुढे सरकत. काटा बाहेरून दिसत नाही. त्याचं टोक रबरात मोडून आत उरलेलं असतं, तांदळाच्या कणीएवढं. ते बोटाला टोचल्यावरच सापडतं. ते न काढता नवी ट्यूब टाकली तर पुढच्या शेतापर्यंत तीही बसते. गोखरू असेल तर एकाच चाकात चार-पाच भोकं असू शकतात, म्हणून पहिलं भोक सापडल्यावर शोध थांबवू नका. आणि टायरची भिंत गारगोटीने कापली असेल तर आतून जाड प्लास्टिकचा तुकडा, नाहीतर घडी घातलेली दहाची नोट लावली की घरापर्यंत निभतं.

पायरी तिसरी: वाट शोधा

उपग्रहाच्या फोटोवर तुमचं गाव काढा आणि दोन शेतांमधून जाणारी फिकट रेघ शोधा. दोन्ही बाजूंना झाडांची ओळ असेल तर तो बहुतेक जुना पांदण रस्ता. तो पुढे दुसऱ्या गावात निघतो की कुणाच्या गोठ्यापाशी संपतो, हे फोटोवरून कळत नाही. त्यासाठी महसूल खात्याचा गाव नकाशा पाहा, आता तो भूनकाशाच्या संकेतस्थळावर मिळतो. त्यात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग. दुहेरी रेघ धरा. नकाशावर असलेला पांदण प्रत्यक्षात अतिक्रमणाने हातभर उरलेला असू शकतो. तसा दिसला तर वाद घालू नका, ते भांडण तुमचं नाही.

आणि शेवटी माणसाला विचारा. बैल धुणाऱ्याला, कापूस वेचणाऱ्या बाईला, पारावर बसलेल्या आजोबांना. आधी रामराम, मग प्रश्न.

“काका, ही पांदन कुठी निंगते?”

“निंगते ना थेट टाकयीले. पन पुढं नाल्यात गारा हाये, सायकल उचलून न्या लागन.”

गारा म्हणजे चिखल. एवढ्या दोन वाक्यांत जे कळतं ते कोणत्याच ॲपमध्ये नसतं. “हा रस्ता चांगला आहे का?” असं मात्र विचारू नका. उत्तर नेहमी “हाव” येतं. नाल्यात पाणी किती आहे, बंडी जाते का, पुढे फाटक लागतं का, असं नेमकं विचारा.

पायरी चौथी: कुठून सुरुवात करायची

पहिल्या दोन-तीन वेळा शहर सोडूच नका. अंबाझरीच्या जैवविविधता उद्यानात कच्च्या वाटांवर सायकल चालवता येते. वेळ आणि शुल्क फाटकावर विचारून घ्या. सैल खड्यांवर वळणं आणि ब्रेक इथे शिकून घ्या. मातीवरचे वीस किलोमीटर डांबरावरच्या तिसांएवढे थकवतात, हेही इथेच कळेल.

त्यानंतर काटोल रोडचा पट्टा. फेटरी, जुनापाणी, माहुरझरी या बाजूला मुरमाड, उघडा माळ आहे. काटोल रोडवर वाहतूक बरीच असते, तो भाग भल्या पहाटे संपवा आणि लवकरात लवकर आतल्या वाटेला लागा. जुनापाणीला महापाषाणयुगातली शिळावर्तुळं आहेत: काळ्या दगडांची गोल मांडणी, मध्ये भर घातलेली, काही दगडांवर वाटीसारखे खळगे कोरलेले. रिव्हेट-कार्नाक या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकात इथे उत्खनन केलं होतं. माहुरझरी त्या काळी अकीक आणि कार्नेलियनच्या मण्यांसाठी प्रसिद्ध होतं. वर्तुळांच्या आतून सायकल घालू नका, दगडावर टेकवून फोटोही नको. संरक्षित जागा आहे. इथे येणारे काही लोक नेमकं तेच करतात आणि मग खाली “निसर्गाच्या सान्निध्यात” असं लिहितात.

सवय झाली की रामटेकची बाजू. पेंच प्रकल्पाचे कालवे पारशिवनीजवळच्या नवेगाव खैरीच्या धरणातून निघतात. डावा कालवा रामटेक, मौदा या धानाच्या पट्ट्याकडे जातो, आणि त्याच्या शाखांच्या पाळीवरून मैलोगणती सपाट रस्ता मिळतो. उजवा कालवा नागपूरच्या बाजूला येतो. तिकडे देखरेख जास्त, म्हणून त्याच्या वाटेला जाऊ नका. नहरावर तीन पथ्यं. पाळीवर मोटारसायकली येतात, पाण्याच्या बाजूने चालवू नका. ‘प्रवेश नाही’ असा फलक किंवा फाटक असेल तर परत फिरा. आणि नहरात पाणी सुटलेलं असताना हात-तोंड धुवायलाही उतरू नका. सिमेंटच्या तिरप्या, शेवाळलेल्या भिंतीवरून आत गेलेला माणूस पोहता येत असूनही वर येऊ शकत नाही. वाटेत मनसरला थांबा. वाकाटककाळातल्या विटांच्या वास्तूचे अवशेष टेकडीवर आहेत. मनसर मँगनीजच्या खाणींचं गाव आहे, म्हणून खनिजाचे ट्रकही दिसतील. रस्त्याकडेच्या भरावात पांढरा, साखरेच्या कणांसारखा चमकणारा दगड दिसला तर हातात घेऊन पाहा. बहुधा तो वर सांगितलेला संगमरवरच. देवलापारकडे तो जास्त आहे, पण तो भाग पेंचच्या जंगलाचा. तिथे सायकल नको.

खऱ्या चुनखडीच्या मुलखासाठी दक्षिणेला जावं लागतं. भिवापूर तालुक्यातलं नांद, आणि पुढे चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे डोंगरगाव, पिसदुरा. हा लमेटाचा पट्टा भूशास्त्राच्या अभ्यासकांना पाठ आहे. पिसदुऱ्याला डायनोसॉरची हाडं एकोणिसाव्या शतकातच सापडली होती. हा एका सकाळचा फेरा नाही. सायकल गाडीवर टाकून उमरेडमार्गे भिवापूरपर्यंत जा, तिथून लहान वर्तुळ आखा आणि दुपारच्या आत परत या. दगड, हाडासारखं दिसणारं काहीही, उचलून खिशात घालायचं नाही. उमरेड रोडवर कोळशाचे आणि रेतीचे ट्रक असतात, त्या रस्त्यावर सायकल चालवणं मी कुणालाच सुचवणार नाही. येताना भिवापुरी मिरची घ्या, ती मात्र खिशात घातली तर चालते.

पायरी पाचवी: पाणी, ऊन, नाला

मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चमध्ये सकाळी नऊच्या आत परत, एप्रिल-मे विसरा. पंचेचाळीस अंशांत मुरमाची वाट म्हणजे तवा. तासाला निदान पाऊण लिटर पाणी धरा. खेड्यात पाणी मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही, पण वाटांवर दहा-दहा किलोमीटर वस्ती नसते. निघण्याआधी तर्री पोहा खायचा असेल तर खा. मी तर्री परतल्यावरच घेतो, चढावर ती आठवण करून देते. सोबत गूळ-शेंगदाणे ठेवा.

पावसाळ्यात नाला हा सगळ्यांत मोठा धोका. हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे, त्या मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत नागपूर परिसराच्या भूगर्भावर १८५५ मध्ये शोधनिबंध लिहिला. वर जे काळं-पांढरं सांगितलं त्याचा या भागात त्यांनी नीट अभ्यास केला. सप्टेंबर १८६३ मध्ये ते बुटीबोरीजवळच्या टाकळघाटला शिळावर्तुळांचं उत्खनन पाहायला गेले होते. परतताना घोड्यावरून ओढा ओलांडताना पुराच्या पाण्यात ते वाहून गेले. घोडा होता, तरीही. वर कुठे पाऊस झालाय हे इथे कोरड्या आभाळाखाली कळत नाही. म्हणून नियम असा: पाणी गढूळ असेल, तळ दिसत नसेल, किंवा वाहतं पाणी पोटरीच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. थांबा. आपले नाले जसे चढतात तसे काही तासांत उतरतातही.

पायरी सहावी: कुठे आणि केव्हा जाऊ नये

पेंच, उमरेड–पवनी–कऱ्हांडला आणि बोर या अभयारण्यांच्या हद्दीत परवानगीशिवाय सायकल नाही. त्यांच्या बाहेरही वाघ फिरतात, त्यांना हद्दीची पाटी वाचता येत नाही. म्हणून जंगलालगतच्या वाटेवर उजाडल्यावर तासाभराने शिरा आणि चारच्या आत बाहेर या. एकट्याने जाऊ नका, कानात इअरफोन नको.

रात्री शेतातून अजिबात नाही. रानडुकरांसाठी काही ठिकाणी कुंपणाच्या तारेत चोरून करंट सोडतात, आणि दरवर्षी माणसंही त्यात जातात. दिवसासुद्धा शेताच्या तारेला हात लावू नका, सायकल टेकवू नका. गिट्टीच्या खदानीजवळ लाल झेंडा दिसला किंवा शिट्टी ऐकू आली तर लांबच उभे राहा, स्फोट होईपर्यंत. कुत्री अंगावर आली तर उतरा आणि सायकल मध्ये धरून चालत पुढे जा. पळालात तर ती पाठ सोडत नाहीत.

उभ्या पिकातून चाक नेऊ नका, फाटक उघडलं तर लावून घ्या, आणि समोरून बंडी आली तर बैलांना दिसेल असं थांबून बाजूला व्हा. घंटी वाजवली तर बैल बुजतात. संत्र्याच्या बागेपाशी विचारल्याशिवाय फळ तोडू नका. विचारलंत तर पिशवी भरून देतील, ती न्यायची कशी हा तुमचा प्रश्न.

घरी कुणाला तरी वाट आणि परतायची वेळ लिहून द्या. नेटवर्क अनेक ठिकाणी जातं, म्हणून नकाशा आधीच डाउनलोड करून ठेवा. अपघात झाला तर १०८ किंवा ११२, आणि जवळच्या गावाचं नाव तोंडपाठ असू द्या. रुग्णवाहिकेला “पांदनीवर आहे” सांगून उपयोग नाही.

परत आल्यावर

सायकल लगेच धुऊ नका. मुरमाची धूळ आणि चुनखडीचं पीठ आधी कोरड्या ब्रशने झाडा, विशेषतः साखळी आणि मागच्या दातेरी चक्रांमधलं. त्यावर पाणी मारलं तर त्याचा लगदा कड्यांच्या आत जातो आणि साखळी लवकर झिजते. झाडून झालं की पुसा, मग तेलाचा एकेक थेंब प्रत्येक कडीवर आणि वरचं तेल फडक्याने टिपून घ्या. रिमवर चालणारे ब्रेक असतील तर ब्रेकच्या रबरात रुतलेले खडे सुईने काढा, नाहीतर ते रिमवर रेघा ओढत राहतात. शेवटी चाक हळूहळू फिरवत टायरची दोन्ही बाजूंची भिंत तपासा. गारगोटीची चीर त्या दिवशी हवा सोडत नाही, पुढच्या वेळी सोडते.